जो मोडेल तो जोडेल

“मोडला कुणी हे कळेपर्यंत पियानोला कुणी हात लावायचा नाही,” दादाने जाहीर केलं आणि वर फुर्रकन चहाचा घोट घेतला.

थोरलीने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की दुसऱ्या कुणाला तो घोट गिळवला नसता. दादाला गिळवला. बायकोच्या नजरांची त्याला सवय झाली होती.

“अहो, हात लावायचा नाही म्हणजे काय? माझ्या शिकवण्या बंद पडल्यात. मुलांची परीक्षा तोंडावर आलीय. आज एक मुलगी जेवणाच्या टेबलावर बोटं आपटून सराव करून गेली!”

“नियम म्हणजे नियम.”

“मग नियमाला सांगा मुलांना शिकवायला.”

डिंक्या खो खो हसला. धाकटीने त्याला कोपराने ढोसलं, कारण आजच्या बैठकीत हसणं तिच्या नवऱ्याला शोभणारं नव्हतं. संशय तिच्यावर होता. तसं अजून तोंडाने कुणी म्हटलं नव्हतं, पण वन्सं मुद्दाम दोन गल्ल्या ओलांडून आल्या होत्या आणि धाकटीच्या बरोब्बर समोरची खुर्ची पकडून बसल्या होत्या, यातच काय ते आलं.

या घराचा कायदा एकच होता: जो मोडेल तो जोडेल. अण्णांनी तो केला तेव्हा खालचं दुरुस्तीचं दुकान नवं होतं आणि दादा, वन्सं आणि डिंक्या ही त्यांची तिन्ही पोरं आडदांड होती. दुकानाच्या पाटीवर ‘काहीही आणा’ एवढंच लिहिलेलं, आणि लोक खरोखरच काहीही आणत: पंखे, पेट्या, छत्र्या, डोळे आत गेलेल्या बाहुल्या. दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करून पोट भरणाऱ्या घराने स्वतःची वस्तू बाहेर दुरुस्तीला देणं म्हणजे अण्णांच्या मते नाक कापून घेणं. नवी आणणं त्याहून वाईट. ज्याच्या हातून मोडली त्यानेच ती स्वतःच्या हाताने जोडायची. हात बसला तर बसला, नाहीतर वस्तू तशीच वापरायची आणि लाज वाटून घ्यायची.

लाज मात्र कुणाला वाटली नाही, आणि वस्तू तशाच वापरल्या गेल्या. त्यामुळे या घरातली कुठलीही वस्तू बघून ती कोणी मोडली ते सांगता यायचं. कान तिरका लागलेला कप दादाचा. तारेने आवळून बांधलेली खुर्ची वन्संची, माहेरपणाची आठवण. डिंकाचे ओघळ वाळून पिवळी झालेली फुलदाणी कुणाची ते सांगायलाच नको, धाकट्या दिराचं नावच त्यावरून पडलं होतं. अण्णांची तेवढी एकही वस्तू सापडायची नाही. त्यांच्या हातून काही मोडत नसावं, किंवा त्यांनी जोडलेलं ओळखू येत नसावं.

वीस वर्षं थोरली ते तिरके कप तीन बोटांत धरून चहा प्यायली होती. कुरकुर केली, पण प्यायली. कारण तिच्याकडे पियानो होता. माहेरून आलेला, उभा, काळा, पुढच्या खोलीची अख्खी भिंत अडवणारा. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं की घरातल्या बाकी सगळ्याला तुमचा नियम लावा, याला नाही. याला कुणी स्क्रू फिरवायचा नाही, कुणी डिंक लावायचा नाही. आणि नवल म्हणजे तिचं ऐकलं गेलं. घरातली ती एकच वस्तू होती जी कधी मोडली नव्हती आणि कधी जोडली गेली नव्हती. थोरली आल्यागेल्याला हे सांगायची. सुट्टीत ती माहेरी जाऊन आली की पियानो जास्तच गोड वाजतो, असंही सांगायची. मुलांना शिकवताना तर तिचं आवडतं वाक्यच होतं: “वाद्यालाही विश्रांती लागते गं बाळांनो.”

आणि आता पाच पट्ट्या मुक्या होत्या. परीक्षेचे अर्ज भरायला ती दिवसभर बाहेर गेली होती. दुसऱ्या दिवशी पहिला विद्यार्थी वाजवायला बसला आणि मधल्या सप्तकात पोचताच नुसताच खट्‌ खट्‌ आवाज आला. थोरलीने वरचं झाकण उघडून आत पाहिलं. पाच हातोड्यांच्या माना मोडून पडल्या होत्या. तारांवर आपटून सूर काढणाऱ्या, बोटभर लांबीच्या त्या लाकडी हातोड्या आता एकमेकींच्या अंगावर रेलल्या होत्या. तिने झाकण लावलं, विद्यार्थ्याला घरी पाठवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ मोठ्ठा सोडून रडली.

आता रडण्याचा भर ओसरला होता आणि तिथे संताप येऊन बसला होता.

“त्या दिवशी घरात कोण कोण होतं?” वन्संनी सुरुवात केली. “दादा आणि डिंक्या दुकानात. वहिनी बाहेर. राहिलं कोण?”

“मी,” धाकटी म्हणाली. “बोला ना सरळ. मी होते. कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकत होते. तेच काम आहे माझं. दिवसभर तक्रारी ऐकायच्या. आणि संध्याकाळी इथे फुकटात.”

“मी कुठे तुझं नाव घेतलं? चोराच्या मनात चांदणं.”

“वन्सं!” थोरली म्हणाली.

“अगं, पण पियानोवर फुलदाणी कुणी ठेवली होती? गोल डाग कुणी पाडला? मी आपलं विचारते.”

“डाग वर पडलाय आणि मोडलंय आत,” धाकटी म्हणाली. “फुलदाणी काय आत शिरून उड्या मारत होती?”

“आणि किटलीचं काय?” दादा म्हणाला.

किटली निघणार हे सगळ्यांना माहीत होतंच. गेल्या महिन्यात धाकटीच्या हातून चहाची किटली फुटली होती, आणि तिने बाजारात जाऊन सरळ नवी आणली होती. नवी! पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली, वर हसून म्हणाली की रंग छान आहे ना. अण्णा दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नव्हते. किटली अजून वापरात होती, चहा तिच्यातूनच ओतला गेला होता, आणि दादा आत्ता जो घोट घेत होता तोही तिच्यातलाच.

“किटली माझ्या हातून फुटली, तेव्हा मी लगेच सांगितलं,” धाकटीचा आवाज चढला. “पियानो मोडला असता तर तोही सांगितला असता. मला लपवायची काय गरज? मी पैसे भरून माणूस बोलावला असता. तुमच्यासारखं मला थोडंच जोडत बसावं लागतंय?”

“बघ दादा! बघ कशी बोलते!”

“बरोबर बोलतेय ती,” थोरली म्हणाली.

थोरलीने या बैठकांमध्ये आजवर कपबश्या उचलल्या होत्या, टोमणे मारले होते, पण बाजू कधी घेतली नव्हती.

“वहिनी, मी सांगू का?” डिंक्या घाईघाईने मध्ये पडला. “कुणी मोडलं ते राहू दे. मी जोडतो. पाच तर दांड्या आहेत. लाकडाचा डिंक आणला नवीन, असला पकडतो म्हणता...”

“तू पियानोजवळ गेलास तर तुझी बोटं झाकणाखाली चिरडीन,” थोरली शांतपणे म्हणाली. “मी बाहेरून माणूस बोलावणार आहे. पियानो दुरुस्त करणारा. शिकलेला.”

दादाने कप खाली ठेवला. “बाहेरून? आपल्या घरात? खाली पाटी काय लावलीय आपण? दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोरून तो माणूस जिना चढून वर येणार?”

“डोळे बांधून आणू का त्याला?”

“अगं, लोक काय म्हणतील? दुरुस्तीवाल्यांच्या घरी दुरुस्तीवाला!”

“न्हाव्याचे केस न्हावीच कापतो ना हो? दुसरा न्हावी. स्वतःचे स्वतः कापले तर कसे दिसतात, ते आपल्या घरातल्या वस्तूंकडे बघून कळतं.”

वन्सं फस्सकन हसल्या आणि पदराने तोंड झाकायला गेल्या, पण उशीर झाला होता. दादाने बहिणीकडे पाहिलं.

“तू हसतेस? तू तरी सांग हिला.”

“मी काय सांगू?” वन्सं खुर्चीत हलल्या. तारेने बांधलेली ती खुर्ची त्यांच्याखाली कुईकुई करत होती. “खरं सांगू का दादा... आमच्याकडे सगळं बाहेरच देतात. मिक्सर, इस्त्री, सगळं. यांनी लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात सांगितलं, की तू जोडलेल्या पलंगावर मी झोपणार नाही.”

“इतकी वर्षं?” दादा थक्क झाला. “आणि इथे येऊन दर वेळी आम्हाला नियम शिकवतेस?”

“माहेरी आलं की माहेरचं बोलावं माणसाने!”

धाकटीला हसू आवरेना. आत्तापर्यंत तिला पिंजऱ्यात उभी करणाऱ्या वन्सं अचानक तिच्याच शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि ते त्यांनाही फारसं आवडलेलं दिसत नव्हतं.

इतका वेळ अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. समोर अर्धाच कप चहा. हल्ली ते अर्धाच कप घेत, कमी करतोय म्हणत. दुकानात उतरणंही त्यांनी गेल्या वर्षी असंच एके दिवशी सोडलं होतं. आता पोरांनी बघावं, म्हणाले. थोरलीला वाटलं होतं की म्हातारपणी माणूस शहाणा होतो तो असा. आता सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. कायदा त्यांचा, तेव्हा निकालही त्यांचाच.

“पियानो तिचा आहे,” अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तिला बोलवायचं त्याला बोलवू दे.”

थोरलीला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. वीस वर्षं ज्या भिंतीवर डोकं आपटायचं तिने टाळलं होतं, ती भिंत फुंकरीने पडली होती. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्यात कुठेतरी खडा लागत होता. अण्णा असे सहजासहजी सोडणारे नव्हते.

“ठीक आहे,” दादा हिरमुसून म्हणाला. “पण खर्च? तो कुणी द्यायचा? नियमाने तर मोडणाऱ्याने.”

आणि पुन्हा सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

“मी देते!” धाकटी उठलीच. “ताईंच्या शिकवण्या चालू होऊ देत म्हणून देते. पण मोडला मी नाही, हे पावतीवर लिहून घेईन. आणि त्यानंतर या घरात राहायचं की नाही तेही मी ठरवीन.” ती आत गेली. डिंक्या तिच्यामागे गेला. दार आपटलं, आणि दाराची कडी, जी दादाने जोडलेली होती, खाली पडली.

चहा तसाच टाकून अण्णा आपल्या खोलीत निघून गेले.

पियानो दुरुस्त करायला आलेला माणूस बाई निघाली. आडव्या हाडाची, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांची, खांद्याला भलीमोठी बॅग. दुकानासमोरून ती जिना चढली तेव्हा दादा गिऱ्हाइकाच्या पंख्यात डोकं घालून बसला, जणू वर जाणारी बाई दुसऱ्याच कुणाच्या घरी चाललीय. पण अर्ध्या मिनिटात उत्सुकता अनावर होऊन तोही वर आला. वन्सं तर सकाळपासूनच येऊन बसल्या होत्या. धाकटी कामातून उठून हेडफोन गळ्यात अडकवून दारात उभी होती, आणि ती वन्संकडे बघतही नव्हती.

“आत कुणी काम केलंय का यापूर्वी?” पियानोवाल्या बाईंनी विचारलं.

“छे!” थोरली अभिमानाने म्हणाली. “या घरात सगळ्याला सगळ्यांचे हात लागतात. याला नाही. माझ्या माहेरून आला तसाच्या तसा आहे.”

बाईंनी पुढची फळी काढली, वाकून पाहिलं, खिशातली छोटी बॅटरी काढून पुन्हा पाहिलं. मग पट्ट्यांमागची आडवी फळी काढली, दोनचार पट्ट्या उचलून खाली पाहिलं. बराच वेळ नुसतंच हं, हं, चाललं होतं.

“तसाच्या तसा नाही हो,” त्या म्हणाल्या. “भरपूर काम झालंय.”

“शक्यच नाही.”

“इकडे या. ही दांडी बघा. मोडली होती, आतून खुंटी घालून सांधलीय. सांधा दिसतो का? बोट फिरवा. मला बॅटरी लावूनही दिसला नसता, लाकडाचा रंग जरा वेगळा आहे म्हणून कळलं. अशा सात-आठ आहेत. आणि पट्ट्यांखालचं कापड कुणीतरी सगळं बदललंय. मूळचं हिरवं असतं. हे मरून आहे. चांगली जाड लोकर आहे, कोटाची असावी.”

थोरली खाली वाकली. पट्ट्यांखाली, ओळीने, एकसारख्या कापलेल्या मरून कापडाच्या पट्ट्या होत्या.

तो तिचा कोट होता.

तिच्या लग्नाआधीचा, बटणं मोठी असलेला, कोपराला विटलेला कोट. एका सुट्टीत ती माहेरून परत आली तर कपाटात नव्हता. तो वन्संनी नेला असं ती धरून चालली होती. तसं एकदा भांडणात बोलूनही दाखवलं होतं, आणि वन्सं त्यानंतर वर्षभर तिच्या हातचं पाणी प्यायल्या नव्हत्या.

“माझा कोट,” ती पुटपुटली.

“कोट?” वन्संनी कान टवकारले. “तोच का गं? जो मी चोरला होता?” त्या तीरासारख्या पियानोपाशी आल्या, वाकल्या, आणि सरळ होऊन त्यांनी सगळ्यांकडे फिरून पाहिलं. असा दिवस आयुष्यात पुन्हा येणार नाही हे त्यांना कळलं होतं. “बघा! सगळ्यांनी बघा!”

पण थोरलीचं लक्ष नव्हतं. सुट्टीत ती माहेरी जायची. परत आली की पियानो जास्त गोड वाजायचा. वाद्यालाही विश्रांती लागते गं बाळांनो! किती मुलांना तिने हे सांगितलं होतं. तिला एकदम इतका राग आला की कानशिलं तापली. तिची एकच वस्तू. या घरात एकच गोष्ट तिने मागितली होती, आणि तीही तिच्या पाठीमागे उघडून, तपासून, जोडून ठेवली जात होती. वर्षानुवर्षं. तिला मूर्ख बनवून.

“काम मात्र फार उत्तम आहे हं,” बाई आपल्याच नादात बोलत होत्या. “पण ही अलीकडची दुरुस्ती कुणा दुसऱ्याची दिसते. हे बघा. सांधा वाकडा बसलाय, वरून दोरा गुंडाळलाय, डिंक बाहेर आलाय. हे कापड वेडंवाकडं कापलंय. आणि या पाच हातोड्या तर कशा मोडल्या तेही कळतं. आतला सगळा सांगाडा बाहेर ओढून काढताना हातातून सुटलाय. जड असतो तो. मग तसाच परत ढकलून बसवला. शिकाऊ माणसाचं काम.”

“डिंक बाहेर आलाय म्हणजे...” दादाने भावाकडे पाहिलं.

“मी नाही!” डिंक्या ओरडला. “आईशप्पथ नाही! माझं असतं तर सांधा निदान सरळ असता!”

थोरलीने ते वेडंवाकडं कापलेलं कापड हातात घेतलं. तेही मरून होतं. त्याच कोटाचं. एखादा माणूस कोट लपवून ठेवतो आणि इतकी वर्षं त्यातून लागेल तसा तुकडा काढतो. तो कोट दुसऱ्या कुणाच्या हाती कसा जाईल? ज्याने त्या सरळ पट्ट्या कापल्या होत्या, त्यानेच या कापल्या होत्या. कात्री तीच, कापड तेच. फक्त हात.

अर्धा कप चहा.

पूर्ण भरलेला कप हातात धरला की सांडतो, म्हणून अर्धा. दुकानात गिऱ्हाइकासमोर हातात स्क्रू टिकत नाही, म्हणून आता पोरांनी बघावं. आणि आठवड्यापूर्वी जेवताना तीच म्हणाली होती, की एक पट्टी हल्ली अडकते, परीक्षेच्या आत कुणाला तरी दाखवायला हवी. अण्णा तेव्हा मान खाली घालून जेवत होते. घास तोंडापर्यंत न्यायला त्यांना वेळ लागत होता. तिला वाटलं होतं, भूक नसेल.

राग गेला नाही. पण ते कापड तिने खाली टाकलं नाही, मुठीत घेतलं.

“तर दोन प्रकारे करता येईल,” बाई म्हणाल्या. “सगळं जुनं काम काढून टाकून नवं बसवायचं. खर्च बराच येईल. किंवा फक्त या पाच हातोड्या नव्या घालायच्या.” त्यांनी दोन्ही आकडे सांगितले. पहिल्याला दादा मटकन बसला. दुसऱ्याला नुसताच कण्हला.

“पाचांचे तरी किती हे! आणि द्यायचे कुणी?” तो म्हणाला, आणि त्याची मान सवयीने धाकटीकडे वळली. “नियमाने बघायला गेलं तर...”

“मी माझं पाकीट आणते,” धाकटी दातओठ खात म्हणाली. “आणि बॅगही भरते.”

थोरलीने तोंड उघडलं. एक वाक्य बोलायचं होतं तिला, आणि ते वाक्य ऐकल्यावर या घरात अण्णांकडे कुणीच पूर्वीसारखं बघणार नव्हतं. न बोलावं तर ही पोरगी बॅग भरून जिना उतरणार होती. आपण मोडला म्हणून सांगावं का? पण तिच्यावर विश्वास कुणी ठेवला असता!

“बिल माझ्या नावाने करा,” मागून आवाज आला.

अण्णा दारात उभे होते. दोन्ही हात पाठीमागे. इतक्या वर्षांत ते असेच उभे राहत आले होते, की नुकतेच, हे थोरलीला आठवेना.

“अण्णा, तुम्ही कशाला?” दादा म्हणाला. “जो मोडेल तो...”

बोलता बोलता तो थांबला. वाक्य त्याच्याच तोंडात अर्धं राहिलं आणि त्याचा अर्थ त्याला सगळ्यात शेवटी कळला. वन्संच्या चेहऱ्यावरचं कोटाचं तेज उतरलं. डिंक्याने बायकोचा हात धरला. ज्या माणसाने जन्मात एकही दुरुस्ती बाहेर दिली नव्हती, तो बिल माझ्या नावाने करा म्हणत होता.

“मी मोडला,” अण्णा म्हणाले. “जोडायला बघितलं. नाही जमलं.” मग धाकटीकडे बघून: “त्या दिवशीच सांगायला हवं होतं. तुझ्यावर आळ आला आणि मी चहा पीत बसलो. माझं चुकलं, पोरी.”

दिवसभर तक्रारी ऐकणाऱ्या धाकटीला माफी ऐकायची सवय नव्हती. “असू दे हो अण्णा,” ती कशीबशी म्हणाली, आणि मग तिला सुचलं, “पण मग किटली राहू दे ना?”

“किटली चांगली आहे,” अण्णा म्हणाले. “ओघळत नाही.”

थोरली मात्र अजून तशीच उभी होती, हातात मरून चिंधी घेऊन.

“विचारायचं तरी, अण्णा,” ती म्हणाली. आवाज कापला आणि त्याचाही तिला राग आला. “एकदा तरी विचारायचं.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते!”

“मग वाजत राहिला नसता.”

वीस वर्षं पियानो वाजत राहिला होता हे खरं, आणि ती वीस वर्षं फसवली गेली होती हेही खरं. अशा माणसावर रागावणं म्हणजे नाकी नऊ येणं. चुकलं म्हणावं तर उपकार निघतात, उपकार म्हणावेत तर कोट निघतो.

“तर?” पियानोवाल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. घरगुती भांडणं त्यांना रोजचीच असावीत. “सगळं काढू, की पाचच?”

“पाचच,” थोरली म्हणाली. “बाकीचं राहू दे.”

“ही वाकडी दोऱ्याची कामं? ती निदान बदलते. फार दिवस टिकायची नाहीत.”

“मोडतील तेव्हा तुम्हालाच बोलावीन. तोवर राहू दे.”

“आणि हे कोटाचं कापड?”

“तेही,” थोरली खेकसली. “माझाच कोट आहे.”

अण्णांनी पाठीमागचे हात पुढे आणले आणि सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं. पाकिटाचं बटण त्यांनीच कधीतरी नवं बसवलेलं होतं, घट्ट. ते उघडेना. बोटं बटणावरून घसरत राहिली, एकदा, पुन्हा एकदा. आता सगळ्यांना दिसत होतं. डिंक्या पुढे झाला, पण थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागच्या जागी थांबला. बऱ्याच वेळाने बटण निघालं आणि अण्णांनी नोटा पियानोच्या झाकणावर ठेवल्या, धाकटीच्या फुलदाणीच्या गोल डागाजवळ.

“पावती द्या,” ते म्हणाले.

बाईंनी काम सुरू केलं तसे सगळे पांगले. दादा दुकानात उतरला आणि त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांवर उगाच ओरडला. वन्सं कोटाची हकिकत सांगायला तडक घरी गेल्या. धाकटी पुन्हा तक्रारी ऐकायला बसली. थोरलीने स्वयंपाकघरात जाऊन नव्या किटलीत चहा केला, तिरक्या कानाचा कप घेतला, अर्धा भरला आणि खिडकीपाशी नेऊन अण्णांसमोर ठेवला.

पुढच्या खोलीतून एकेक पट्टी दाबून बघितल्याचे आवाज येत होते. अण्णा ऐकत होते. मधल्या सप्तकातला पहिला मुका सूर बोलला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि कप दोन्ही हातांनी उचलला. सांडला नाही.

तो रिकामा झाला तशी थोरली आतून आली आणि दुसरा अर्धा कप भरून ठेवून गेली.

“विचारायचं तरी,” अण्णा म्हणाले.

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात,” ती स्वयंपाकघरातून ओरडली.